न ओढलेली रेघ

मास्तर कोणत्याही इमारतीत शिरले की आधी खाली पाहत. बँक असो, दवाखाना असो, कोणाचे घर असो. दाराशी थबकायचे, मान खाली घालायची, आणि पायांखाली काय आहे ते बघून झाल्यावरच यजमानाशी बोलायचे. पुष्कळांना हा विनय वाटे. तो विनय नव्हता, तपासणी होती. चेहऱ्यांच्या बाबतीत त्यांची स्मरणशक्ती बेताचीच होती. माझी पत्नी मालती त्यांना तीनदा भेटली आणि तिन्ही वेळा त्यांनी तिला नव्याने नाव विचारले. मात्र आमच्या स्वयंपाकघरात सिंकजवळची एक टाइल पोकळ वाजते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. ती अजून पोकळ वाजते.

'मास्तर' हे नाव माझ्या चुकीतून पडले. कॅनडात विंडसरमधल्या आमच्या मराठी मंडळाने इटालियन कामगारांच्या एका जुन्या क्लबची इमारत विकत घेतली. क्लबचे सभासद थकले होते, त्यांची मुले टोरोंटो-ओकव्हिलकडे गेली होती. चाव्या ताब्यात देताना सात-आठ वृद्ध हजर होते आणि त्यांतल्या एका उंच, वाकलेल्या गृहस्थांना बाकीचे 'मायेस्त्रो, मायेस्त्रो', म्हणजे 'उस्ताद', म्हणून डिवचत होते. मला 'मास्तर' ऐकू आले. शाळेत शिकवत असावेत, असे मी धरून चाललो. पुढे कित्येक महिने मी त्यांना मास्तर म्हणत होतो आणि भारतीय माणसाच्या तोंडून 'मायेस्त्रो' असाच निघतो, असे ते समजत होते. खुलासा झाला तेव्हा त्यांनी विचारले, "मग मास्तर म्हणजे कोण?"

"गावात मुलांना शिकवणारा. हातात छडी असते."

"मान असतो?"

"असतो. समोर असेपर्यंत."

"तेच ठेवा. मायेस्त्रो म्हणतात तेव्हा ते समोरच हसतात."

आमचे बोलणे इंग्रजीत चाले. दोघांनाही ती भाषा उसनी, म्हणून वाक्ये लहान असत. मला ते सोयीचे होते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर मंडळाने इमारतीची जबाबदारी माझ्यावर टाकली. हॉलची जमीन टेराझोची होती, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे आणि काचेचे खडे घालून घासलेली; मधून मधून पितळी पट्ट्या. महाराष्ट्रात हिला मोझेक म्हणतात. आमच्या पिढीतील प्रत्येकाने सरकारी क्वार्टरमध्ये किंवा दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये ती पाहिलेली आहे आणि हाती पैसा आल्यावर पहिल्याने तीच उखडलेली आहे. मंडळाच्या अध्यक्षा शैला, पन्नाशीच्या, हॉल बघायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "काका, ही तर आमच्या डोंबिवलीच्या घरातली लादी! ती बदलायला आईने वीस वर्षं वाट बघितली. आता कॅनडात येऊन परत तीच?"

शिवाय हॉलच्या मध्यावर एक तडा होता. पूर्वेच्या भिंतीपासून निघून तो वाकडातिकडा स्टेजपर्यंत गेला होता. काही ठिकाणी एक कडा दुसरीपेक्षा वर आली होती. कोणी अडखळले असते. मी दोन पानांचा अहवाल लिहिला: जमीन उखडावी, नव्या व्हिट्रिफाइड टाइल घालाव्यात. समितीने तो दहा मिनिटांत मंजूर केला. माझा अहवाल कोणी परत पाठवत नसे.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मी टाइलवाल्यासाठी मापे घेत होतो. मराठी शाळेची मुले हॉलभर धावत होती. तेवढ्यात मास्तर आले. दारापाशी बूट आणि चपलांचा ढीग होता. मालतीने त्यांना खुणेने बूट काढायला सांगितले. ते तो ढीग बघत राहिले, मग मुलांचे पाय बघत राहिले.

"हे सगळे अनवाणी का?"

"बाहेरची पायताणे आम्ही आत आणत नाही," मी म्हणालो.

"देवळात?"

"देवळात, घरात. इथेही."

ते खुर्चीवर बसले. बूट काढले, मोजे काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले. मग उठले आणि हॉलमध्ये चालू लागले. फार सावकाश. परत आल्यावर म्हणाले, "ही जमीन मी केली. गुडघ्यांवर बसून. पन्नास-पंचावन्न वर्षे लोक यावर बूट घालून नाचले. आज पहिल्यांदा कोणी हिला हात लावला."

"पाय लावला," मी म्हणालो.

"तेच. काळ्या भागावर उभे राहा. आता पांढऱ्यावर या. आता पितळेवर. कळते?"

मी इंजिनिअर आहे. पितळ पायाला गार लागते, काच संगमरवरापेक्षा कमी गार लागते, याचे कारण मला ठाऊक आहे. सगळे गेल्यावर मी मोजे काढून खात्री करून घेतली. खात्रीसाठी लागतो त्यापेक्षा जास्त वेळ मी तिथे उभा राहिलो, हेही नोंदवतो.

त्याच दिवशी, ते निघण्याआधी, मी त्यांना सांगितले की एप्रिलमध्ये ही जमीन निघणार.

"कोणी ठरवले?"

"मी."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, बूट चढवले आणि गेले. आठवड्याने त्यांचा फोन आला. "तुमच्याकडे गाडी आहे ना? मला काही पत्ते बघायचे आहेत."

असे आम्ही महिनाभर दर मंगळवारी गावातून फिरलो. मास्तरांनी विंडसरमध्ये चौतीस वर्षे जमिनी केल्या होत्या. त्यांतल्या सहा ठिकाणी, मालकाला किंवा मुकादमाला न सांगता, त्यांनी थोडे आपल्या मनाचे घातले होते. एक दवाखाना होता. तिथे आता पार्किंग आहे. बँकेत सगळीकडे कार्पेट होते. मास्तरांनी कोपऱ्यात जाऊन टाच आपटली, कान दिला आणि समाधानाने म्हणाले, "आहे. खाली आहे." बँकेच्या बाईंनी विचारले, काही मदत हवी का. मास्तर म्हणाले, "नको, ती ठीक आहे." एका शाळेत सगळ्या कॉरिडॉरमध्ये व्हिनाइल पडले होते, जुनी जमीन उरली होती ती फक्त मुलांच्या वॉशरूममध्ये. आम्ही दोन वृद्ध तिथे खाली मान घालून सहा मिनिटे उभे होतो आणि शाळेचा केअरटेकर दारात घसा खाकरत होता. "या कोपऱ्यात," मास्तर मला सांगत होते, "हिरवा खडा जरा जास्त झाला." सहाव्या ठिकाणापर्यंत हिशेब स्पष्ट झाला. उघडी, सबंध आणि पूर्णपणे त्यांनीच रेखलेली जमीन एकच उरली होती. ती मंडळाची.

गाडीत ते आपल्याविषयी बोलत. मी विचारल्याशिवाय नाही. पण मी विचारत असे. माझा स्वभाव चौकशा करण्याचा नाही. या माणसाच्या बाबतीत मात्र माझे कुतूहल शमेना.

इटलीच्या उत्तरेला, दगडगोट्यांनी भरलेल्या एका नदीकाठच्या गावात त्यांचा जन्म झाला. गावातले पुरुष पिढ्यानपिढ्या देशोदेशी जाऊन जमिनी करत. वडीलही तेच करत. युद्ध संपले तेव्हा मास्तर पंधरा-सोळा वर्षांचे होते. दोनतीन वर्षांनी ते घरातून पळून मिलानला गेले. तिथे चार मित्रांनी बंद पडलेल्या एका दूधडेअरीची शेड भाड्याने घेतली आणि चित्रे काढली. माणूस नाही, झाड नाही, फळ नाही. पांढरी भूमी आणि तीवर एक-दोन रेघा. मी विचारले, असे का?

"ओळखू येईल असे जे जे होते ते युद्धात मोडले होते. मग ओळखू येईल असे काय काढायचे?"

दोन प्रदर्शने झाली. एका वर्तमानपत्राने अर्धा रकाना लिहिला. ते कात्रण त्यांनी जपले होते, पण त्यातला मजकूर त्यांना पटलेला नव्हता. दुसऱ्या प्रदर्शनाला वडील गावाहून आले. त्यांनी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली, मग वाकून गॅलरीची जमीन बोटाने चाचपली आणि मुलाला म्हणाले, "फरशी चांगली आहे." मास्तर हे सांगताना हसत. रस्त्यावरची नजर न काढता मी विचारले, तुम्हाला वाईट वाटले नाही?

"ती खरोखर चांगली होती."

चौघांपैकी एकाचे पुढे मोठे नाव झाले. त्याची चित्रे संग्रहालयांत आहेत. मास्तर त्याच्याविषयी बोलत तेव्हा आवाजात कडवटपणा नसे. "रेघ त्याची उत्तम. कुठे थांबायचे, ते मात्र मला विचारायचा." मास्तर स्वतः थांबले ते एका हंगामापुरते. मेहुण्याची विंडसरमध्ये टेराझोची कंपनी होती, माणसे कमी पडत होती. "एका हिवाळ्यासाठी आलो," ते म्हणाले. मी दोन वर्षांसाठी आलो होतो.

"मग चित्रे थांबवलीत कशासाठी?"

"कुठे थांबवली? भिंती सोडल्या, इतकेच."

क्लबची जमीन करायची वेळ आली तेव्हा मेहुणा म्हणाला, हे आपले स्वतःचे काम आहे, तुला हवे ते कर. असे आयुष्यात एकदाच घडले. मास्तरांनी कागदावर पूर्ण आराखडा काढला आणि चार महिने हॉलमध्ये ओणवे राहिले.

मार्चमध्ये मी समितीची सभा बोलावली आणि सांगितले की माझा अहवाल अपुरा आहे, तो मी मागे घेतो.

"काका, तुम्ही?" शैला म्हणाल्या. "तुम्ही तर लग्नाच्या वाढदिवसाची चुकलेली तारीखसुद्धा मागे घेत नाही."

"लादी तीच आहे, तिच्याविषयी मला असलेली माहिती वाढली आहे."

मास्तर हजर होते. कोणीतरी त्यांना सरळ विचारले, "सर, पण हे आहे काय? व्हॉट इज इट?"

"जमीन," मास्तर म्हणाले.

लोक हसले. मग आपोआपच सगळे उठून बघू लागले. एकाला तो कोकणाचा किनारा वाटला. दुसऱ्याने ठासून सांगितले की हे लेक एरी आहे, मॅप काढून दाखवतो. शैला स्टेजवर चढल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला पदर वाटतोय. हे मधलं पांढरं म्हणजे अंग आणि तिकडे कडेला काठ. नाही का हो?" प्रश्न मास्तरांना होता. मी भाषांतर केले.

"मला काय विचारता? मी नुसती बनवली. रोज वावरणार तुम्ही."

ठराव झाला: जमीन राहू द्यावी, परंतु जूनमध्ये विम्याचा माणूस तपासणीला येईल त्याआधी तडा पक्का दुरुस्त झाला पाहिजे, नाहीतर पहिला ठराव कायम. जबाबदारी माझी.

मग मी तडा खऱ्या अर्थाने तपासला. हे मी आधीच करायला हवे होते. पितळी पट्ट्या शोभेच्या नसतात. खालच्या काँक्रीटला जिथे सांधा असतो, तिथे वर पट्टी घालावी लागते, म्हणजे इमारत हलली तरी जमीन त्या पट्टीवर सरकते, तडकत नाही. हॉलमध्ये सर्वत्र हा नियम पाळलेला होता. मध्यभागाच्या मोठ्या पांढऱ्या भागात मात्र, सांधा असूनही, पट्टी नव्हती. तडा तिथूनच, सांध्याच्या आसपास वाकत, गेला होता.

मी मास्तरांना बोलावून ती जागा दाखवली. "इथे पट्टी हवी होती."

त्यांनी पायाने तडा चाचपला. मग म्हणाले, "हो."

"राहून गेली?"

"नाही. मुकादमाने दोनदा सांगितले. मी म्हणालो, पट्ट्या संपल्या."

"संपल्या होत्या?"

"पेटी भरून होत्या."

"मग?"

"तिथे रेघ नको होती. तिथे काहीच नको होते. त्या मोकळ्या जागेसाठी बाकी सगळे होते."

"इमारतीमागे नदी आहे, त्या बाजूला ती खचणार, हे तुम्हाला कळत होते."

"कळत होते. पण मी तिशीचा होतो."

मी सांगितले की आता सांध्यावर सरळ काप घेऊन पट्टी बसवावी लागेल. ते म्हणाले, पांढरे सिमेंट भरा. मी म्हणालो, दोन हिवाळ्यांत पुन्हा तडकेल. ते म्हणाले, मग दोन हिवाळ्यांनी पुन्हा भरा. मी म्हणालो, अशा कामावर मी सही करणार नाही. त्यांनी मान हलवली. "मग उखडा," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले.

पाच आठवडे आम्ही बोललो नाही. जूनची तारीख जवळ येत होती. माझ्या सहीशिवाय दुरुस्ती होणार नव्हती आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांच्या चित्रावर मला रेघ ओढायची नव्हती. मालती म्हणाली, "त्यांना फोन करा."

"त्यांनी करावा. चूक त्यांची आहे."

"ते नव्वदीला टेकलेत. तुम्ही काय विशीतले आहात? लावा फोन."

मी लावला. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी लुचिया त्यांना घेऊन आली. ते गुडघ्यांवर बसले. बसायला त्यांना मिनिटभर लागले. खिशातून खडू काढून भिंतीपासून स्टेजपर्यंत त्यांनी तडा गिरवला. मी मारलेली सरळ खूण बाजूलाच होती. तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ही तुमची. ही मी घेणार नाही. ही दुसरी घराने ओढली आहे. घराचा हक्क आहे."

मी विचार केला. इमारत प्रत्यक्ष हलते ती तड्याच्या रेषेत, माझ्या कागदावरच्या रेषेत नव्हे. पट्टी तिथेच हवी होती. मी तसे सांगितले. "तुमचे बरोबर आहे. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनेसुद्धा."

"मी इंजिनिअरिंगचे बोलत नव्हतो," ते म्हणाले.

पट्टी त्यांनी स्वतः वाकवली. बोटे थरथरत होती. पितळ अंगठ्याखाली आले की थरथर थांबे. सिमेंट भरायला आणि घासायला आम्ही या धंद्यातला कारागीर बोलावला होता, परंतु खडे मास्तरांनी एकेक निवडून दिले. तपासणीआधी चार दिवस काम पुरे झाले. मी विचारले, "कशी वाटते?"

त्यांनी बराच वेळ खाली पाहिले. "मालतीबाई बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारले. तिचे नाव त्यांनी प्रथमच घेतले होते. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले.

ती रेघ त्यांनी स्वीकारली होती की जमीन वाचावी म्हणून नुसती सोसली होती, हा प्रश्न माझ्यापाशी राहिला. मी तो कोणाला सांगितला नाही. मला तो त्रास देत असे.

मागच्या वर्षी मिलानहून एक संशोधक बाई आल्या. त्या चार मित्रांवर पुस्तक करत होत्या. शिडीवर चढून त्यांनी हॉलचे फोटो काढले आणि नंतर मला म्हणाल्या, "ही वाकडी रेघ मागाहूनची आहे. त्यांच्या हातची वाटत नाही. छापताना आम्ही ती काढून टाकू. कॉम्प्युटरवर सहज निघते."

"काढू नका."

"का? काही आधार आहे?"

माझ्यापाशी आधार नव्हता. मी लुचियाला फोन केला. तिने बेसमेंट शोधून कागदाची एक लांब गुंडाळी आणली. मास्तरांचा मूळ आराखडा. जुनी, फिकी पेन्सिल. मधल्या मोकळ्या जागेत निळ्या बॉलपेनने, फूटपट्टीचा आधार न घेता, ती वाकडी रेघ ओढलेली होती. खाली त्यांची आद्याक्षरे आणि तारीख होती. दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांची.

एवढेच असते तर प्रश्न मिटला असता. पण त्याच कागदावर, डावीकडे, त्यांची स्वतःची एक जुनी सरळ रेघ त्याच निळ्या पेनने खोडलेली होती. दोन काट मारून, ठामपणे. नवी रेघ आत घेतल्यावर ही एक जास्त झाली, असे त्यांनी ठरवले होते. आणि मला सांगितले नव्हते. मी काय उत्तर दिले असते, ते त्यांना माहीत होते: त्या रेघेखाली सांधा आहे, पट्टी काढता येणार नाही.

खरोखरच काढता येणार नाही. काढली तर तिसऱ्या हिवाळ्यात तिथे तडा जाईल.

बाईंनी विचारले, "मग अंतिम कोणते धरायचे? जमीन की कागद?" मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. सकाळी मी पांढऱ्या टेपचा एक रोल घेऊन हॉलवर गेलो. गुडघ्यांवर बसलो. डावीकडची ती पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाकली, टेप अंगठ्याने दाबून बसवली, आणि स्टेजवर जाऊन पाहिले.

त्यांचे बरोबर होते. इंजिनिअरिंगचे मी बोलत नाही.

बाईंनी तसाच फोटो घेतला. त्या गेल्यावर शैला खुर्च्या मांडू लागल्या. संध्याकाळी कार्यक्रम होता. त्यांचे लक्ष टेपकडे गेले. "काका, फोटो झाले ना? ही काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हणालो.

ती अजून आहे. वावराने दर दोन महिन्यांनी तिच्या कडा उचलतात. मी नवी लावतो.